उजव्या सोंडेचं दार

घरांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर ज्यांनी तयार केलं, त्यांना वारा माहीत असणार, बर्फ तर नक्कीच माहीत असणार. पण चोर, डास आणि शेजारी या तिघांशी त्यांची कधी गाठ पडलेली दिसत नाही. पडली असती तर सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या तयार घटकांच्या लायब्ररीतल्या असंख्य खिडक्यांपैकी एखादीला तरी गज असते. उतरत्या छपरातून डोकं बाहेर काढणारी खिडकी तिथं आहे, वर-खाली सरकणारी आहे, भिंतीच्या बाहेर पोट काढून बसलेली आहे. दारांमध्ये मोटारीला बघून आपोआप वर जाणारं दार आहे. एका दाराला तर तळाशी मांजरासाठी वेगळी झडप आहे. साताऱ्यातलं मांजर दारानं येतच नाही. ते कौलावरून येतं, दूध संपवतं आणि माणसांच्या दारानं राजरोस बाहेर पडतं.

आम्हाला लागतं ते फार साधं असतं. चार बाय अडीच इंचाची सागवानी चौकट. खाली उंबरठा, कारण उंबरठाच नसेल तर नवी सून माप ओलांडणार कुठं? आत कडी, वर खिट्टी, खाली खिट्टी, मध्ये कोयंडा, बाहेर सेफ्टी डोअर आणि एवढं सगळं असूनही आजोबा रात्री दाराला लावतात ती खुर्ची. खिडकीला तीन ट्रॅक, दोन काचेचे आणि एक मच्छरजाळीचा. त्याच्या बाहेर ग्रिल, ग्रिलला कुंड्या ठेवायला पुढं काढलेला पिंजरा, वर छज्जा आणि छज्ज्याला आकाशकंदील टांगायचा हुक. यातलं काहीही लायब्ररीत नाही. मात्र एका कोपऱ्यात ‘स्वतःचा घटक तयार करा’ असं नम्रपणे सुचवणारं एक बटण आहे. हा सगळा लेख त्या बटणाचा परिणाम आहे.

मी वापरतो त्या सॉफ्टवेअरचं नाव इथं सांगत नाही. मला उद्या सकाळी त्याच्यासमोरच बसायचं आहे.

धंदा साताऱ्यात आणि सासुरवाडी सांगलीत, म्हणून माझी निम्मी गिऱ्हाइकं साताऱ्याची आणि निम्मी सांगलीची. सांगलीची गिऱ्हाइकं पैशाचं बोलणं माझ्याशी न करता थेट सासऱ्यांशी करतात, हा त्यातला तोटा. कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीत पोचेपर्यंत साताऱ्यात ठरलेली खिडकी फोनवरून दोनदा तरी बदललेली असते.

तर, ते बटण दाबलं की सॉफ्टवेअर सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारतं. घर कुठल्या बाजूला आणि रस्ता कुठल्या बाजूला? दार-खिडकीचा मूळबिंदू कुठं धरायचा? आणि यातलं काय बदलणार आहे, काय कायम राहणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माणूस कशीतरी देतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एक अपवाद सोडला तर आजवर कुणी दिलेलं माझ्या माहितीत नाही.

ही घटकाची कल्पना तशी नवी नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्यानं ‘स्केचपॅड’ नावाच्या प्रोग्रॅमवर पीएचडी केली. एक मूळ आकृती काढायची, तिच्या हव्या तेवढ्या प्रती चित्रात ठेवायच्या. मूळ आकृती बदलली की सगळ्या प्रती बदलतात. दोन रेषांना ‘समांतर राहा’ अशी अट घातली की त्या मुकाट्यानं समांतर राहतात. त्यानं एका मुलीचा चेहरा काढला आणि नुसती डोळ्याची आकृती बदलून तिला डोळा मिचकावायला लावला. त्या मुलीचा डोळा साठ वर्षांपूर्वी मिटला. माझ्या बाथरूमच्या व्हेंटिलेटरची पट्टी अजून मिटत नाही.

पुढं १९८२ मध्ये बुडापेस्टला गाबोर बोयार यांनी ग्राफिसॉफ्ट कंपनी काढली. सुरुवातीच्या काळात या मंडळींनी हंगेरीतल्या पॉक्शच्या अणुवीज केंद्रातल्या पाइपांचं त्रिमितीय मॉडेल केलं आणि नंतर आर्किकॅड आणलं. त्यात दारं-खिडक्या घडवायला जीडीएल नावाची एक भाषाच आहे. म्हणजे तिथं खिडकी काढायची नाही, लिहायची. २००० मध्ये आलेल्या आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कनं विकत घेतलेल्या रेव्हिटनं हे लिहिणं वाचवलं. तिथं आधी न दिसणाऱ्या प्रतलांचा सांगाडा उभा करायचा, प्रतलांमधल्या अंतरांना नावं द्यायची आणि चौकट, पान, काच हे सगळं त्या प्रतलांना चिकटवायचं. ‘रुंदी’चा आकडा बदलला की लाकूड आपोआप सरकतं. अणुवीज केंद्रापासून निघालेली ही विद्या शेवटी शाहूपुरीतल्या दीड बाय दोनच्या व्हेंटिलेटरपर्यंत येऊन पोचली आणि तिथं अडकली.

माझी पहिली खिडकी तयार झाली तेव्हा माझे साताऱ्याचे एक गिऱ्हाईक, तात्या, समोरच बसले होते. बंगला बाहेरून फिरवून दाखवला. तात्या खूश झाले. मग आत शिरलो.

“सायेब, बाहेरनं खिडकी दिसत हुती. आतनं कुठं गेली?”

“आतून भिंत आहे, तात्या.”

“मग बाहेरचं बघायचं कसं?”

“बाहेर जाऊन.”

झालं होतं असं की, भिंतीला पृष्ठभाग दोन, बाहेरचा आणि आतला. खिडकी ज्या पृष्ठभागावर चिकटवली होती, तेवढाच तिनं कापला. दुसऱ्या पृष्ठभागाबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि न सांगितलेलं काम करायचं नाही, हा बाणा सॉफ्टवेअरनं कुठल्या कचेरीत उचलला कोण जाणे. तात्यांनी मात्र समजूतदारपणा दाखवला. “ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले, “त्या बाजूला भावकीच ऱ्हाती.”

मग अटींचं प्रकरण. पान चौकटीच्या मध्यावर राहिलं पाहिजे, बिजागरी पानाच्या कडेला, कडी जमिनीपासून ठराविक उंचीवर, काच चारी बाजूंनी सारख्या अंतरावर. प्रत्येक अट एकटी बघितली तर शहाणी असते. पण लग्नातल्या मानपानासारखं हे आहे. एकाला पुढं बसवावं तर दुसरा रुसतो, दोघांना पुढं बसवावं तर नवरदेवाला जागा उरत नाही. रुंदी चार इंचांनी वाढवली की पडद्यावर लाल पाटी झळकते : अटी पूर्ण करता येत नाहीत. आणि खाली एकच पर्याय दिलेला असतो, अटी काढून टाका. त्या काढल्या की कडी हवेत राहते, काच शेजारच्या प्लॉटमध्ये जाते आणि दार दोन पावलं पुढं येऊन अंगणात उभं राहतं.

हे मला थोडंफार जमायला लागलं तेवढ्यात तात्या मेणवलीला जाऊन आले. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, ‘स्वदेस’ सिनेमात ते गाव दिसतं, आणि तात्यांच्या मेव्हण्याला सिनेमाची आवड आहे. वाड्याच्या दारापुढं मेव्हण्याला उभं करून तात्यांनी फोटो काढला आणि तो मला पाठवला. खाली मजकूर : असं दार पाहिजे.

फोटोत मेव्हणाच जास्त होता. त्याच्या खांद्याच्या डाव्या बाजूला थोडं दार दिसत होतं.

“तात्या, उजवीकडं कसं आहे?”

“तसंच.”

“आणि मधे?”

“मधे पाव्हणं हायेत.”

वाड्याच्या मोठ्या दारात एक छोटं दार असतं, दिंडी दरवाजा. मोठं दार कारणपरत्वे उघडायचं, रोजची ये-जा दिंडीतून, मान खाली घालून. वाकून आत येणाऱ्या माणसाच्या हातून फारसा दगाफटका होत नाही, असा त्यामागचा हिशोब. सॉफ्टवेअरलाही हे चालतं. एका घटकाच्या पोटात दुसरा घटक ठेवता येतो. पण वाड्याच्या दारातून हत्ती नाही तरी पालखी जायची. तात्यांचा प्लॉट दीड गुंठा, दार साडेतीन फुटांचं. त्यात दिंडी बसवली तर तिची रुंदी आली सव्वा फूट.

“तात्या, यातून जाणार कोण?”

तात्यांनी बराच वेळ विचार केला आणि ते म्हणाले, “मांजर.”

परदेशी लायब्ररीतला एकमेव घटक, जो मी हसून बाजूला टाकला होता, तो अशा रीतीनं मराठेशाहीच्या नावाखाली साताऱ्यात बसला.

चौकटीच्या वर गणेशपट्टी हवी, हे ओघानंच आलं. गणपती मी मनापासून घडवला. सोंड, कान, मोदक, उंदराच्या मिशा, काही सोडलं नाही. फाइल इतकी जड झाली की संगणकाचा पंखा गिरणीच्या आवाजात फिरायला लागला आणि बंगल्याच्या चार खोल्या मिळून जेवढा वेळ घेत नव्हत्या, तेवढा एकटा उंदीर घ्यायला लागला. मग वहिनींना, म्हणजे तात्यांच्या मंडळींना, शंका आली की, साडेतीन फुटांच्या दारातून सोफा आत येणार नाही. मी रुंदीच्या घरात पाच फूट घातले आणि एंटर दाबलं. दार रुंद झालं. गणपतीही रुंद झाला. गणेशपट्टीची दोन्ही टोकं मी चौकटीच्या दोन्ही कडांना बांधली होती. ती मध्यावर बांधायला हवी होती. कडा लांब गेल्या, गणपतीला दोन्हीकडून ताण बसला. पडद्यावर साक्षात वाईचा ढोल्या गणपती अवतरला.

मी घाईघाईनं पुसायला गेलो तर तात्यांनी हात धरला. “असू द्या की. भरल्यावानी दिसतंय.”

वाईचा ढोल्या गणपती १७६२ चा, गणपतराव रास्त्यांनी बांधलेल्या देवळातला. त्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेचा पूर आला तर पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. ज्यांनी ती बांधली त्यांच्याकडं प्रतलं नव्हती, अटी नव्हत्या, लाल पाटी नव्हती. मुख्य म्हणजे बांधून होईपर्यंत सोफ्याचा विषय काढणारं कुणी नव्हतं.

तात्यांचं दार संगणकात असं आडवं-उभं होत होतं, तेवढ्यात गुरुजींनी मुहूर्त काढला. आमच्याकडं मुख्य दाराची चौकट मुहूर्तावर बसते. हळदकुंकू, नारळ, पेढे, सगळं रीतसर. साताऱ्यात पेढे म्हणजे कंदी पेढेच. ते घेऊन तात्या ऑफिसात आले तेव्हा मला कळलं की चौकट बसली.

“कुठली चौकट? दार अजून ठरलं नाही!”

“दार ठरंल की निवांत. मुहूर्त चुकला आस्ता.”

“रुंदी किती ठेवली?”

“लाकूड हुतं तेवढी.”

सांगलीची तऱ्हा वेगळी. विश्रामबागेत दोन सख्ख्या भावांचे जुळे बंगले होते. आण्णा थोरले, दादा धाकटे. दोघांत वाद नको म्हणून एकच नकाशा आणि दुसरा बंगला त्याचा आरसा. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक आज्ञा आहे. ती दिली की आण्णांच्या डावीकडचा जिना दादांच्या उजवीकडं, दाराची उजवी बिजागरी डावीकडं, सगळं क्षणात. तात्यांच्या बंगल्यासाठी घडवलेली गणेशपट्टी मी इथं वापरली होती, कारण एवढा उंदीर पुन्हा कोण कोरणार? छापील नकाशे घेऊन सांगलीला गेलो. कागद उलगडले. चहा आला, भडंग आलं. दादांच्या मंडळींनी कागदाकडं नीट निरखून बघितलं आणि विचारलं, “भाऊजी, ह्या गणपतीची सोंड कुणीकडं?”

आरशात डावी सोंड उजवी झाली होती.

सांगलीत गणपतीचं नाव हलक्या हातानं घेत नाहीत. ते पटवर्धन संस्थानचं आराध्य दैवत. गावाचं मोठं देऊळ त्याचं. आणि उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक, त्याचं सोवळं सांभाळावं लागतं, हे तर महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. फक्त सॉफ्टवेअरला माहीत नव्हतं. दादांचा चेहरा उतरला.

“ओ इंजिनेर, आमच्यात बुधवार, शुक्रवार, रविवार असतोय. दारावर उजवी सोंड कशी चालंल?”

मी म्हटलं, चूक यंत्राची आहे, दुरुस्त करून देतो. तेवढ्यात आण्णा पुढं सरकले.

“त्याला झेपत न्हाई व्हय? मग उजवी माझ्याकडं द्या. मी पाळतो सोवळं.”

दादांनी भडंगाची वाटी खाली ठेवली. “झेपत न्हाई कोण म्हणालं? मला आलीया ती मलाच ऱ्हाऊ दे.”

त्यानंतर गणपती बाजूला राहिला आणि वडिलांच्या वेळच्या विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या निघाल्या. मी मुकाट्यानं कागद गुंडाळले. साताऱ्याला येऊन घटकात एक नवं घर वाढवलं : सोंड, डावी की उजवी. जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरच्या दाराला हा पर्याय नसेल. शेवटी दोन्ही बंगल्यांना सोंड डावीच बसली, कारण दोघांच्याही मंडळींनी एकमेकींना परस्पर फोन करून प्रश्न मिटवला. बुधवार, शुक्रवार, रविवार आण्णांकडंही होता.

सांगलीच्या गावभागातले एक निवृत्त मास्तर माझ्याकडं जुनं घर पाडून नवं बांधायला आले. खिडकीच्या घटकात ‘सिलची उंची’ असा एक रकाना असतो, म्हणजे जमिनीपासून खिडकीची खालची कड किती वर. जगभर लोक तिथं अडीच फूट, तीन फूट असं काहीतरी घालतात. मास्तरांना विचारलं.

“अठ्ठावन्न.”

“इंच?”

“फूट.”

“मास्तर, घर दोन मजली आहे.”

“आयर्विनला अठ्ठावन्न हो!”

सांगलीत उंची समुद्रसपाटीपासून मोजत नाहीत, आयर्विन पुलापासून मोजतात. कृष्णेवरचा हा पूल १९२९ चा. त्याच्यापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका सुरू होतो आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५, २०१९, २०२१ असे तीन पूर पाहिलेल्या माणसाला फूट म्हटलं की पूलच आठवणार. पुलावरचे फूट आणि मास्तरांच्या जमिनीवरचे फूट यांचा मेळ घालायला मी लेव्हल घ्यायचं म्हणत होतो. मास्तरांनी भिंतीवरचा डाग दाखवला. “पंचेचाळीसला पाणी मारुती चौकाच्या तोंडाला येतं, मग आम्ही फ्रिज वर नेतो. डाग इथं आहे. खिडकी डागाच्या वर.” माझ्या सगळ्या प्रतलांत तो डाग हे सर्वांत भरवशाचं प्रतल होतं.

मास्तरांची दुसरी मागणी अशी की, वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीचं ग्रिल आतून कुलूप काढून उघडलं पाहिजे, आणि खिडकी एवढी रुंद पाहिजे की आईला खुर्चीसकट बोटीत उतरवता येईल. ही मागणी ऐकून मी पहिल्यांदाच गिऱ्हाइकाशी वाद घातला नाही. काय बदलणार आणि काय कायम राहणार, हे ज्याला नेमकं माहीत होतं असा तो एकच माणूस मला भेटला. त्याच्या बाबतीत बदलणारी गोष्ट नदी होती.

बाकीच्यांचं तसं नाही. नॅशनल बिल्डिंग कोड म्हणतो, कोरड्या उष्ण हवेत खिडक्यांचं क्षेत्र खोलीच्या निदान एक दशांश असावं, दमट उष्ण हवेत एक षष्ठांश. वाक्य सरळ आहे. पण आटपाडीच्या गिऱ्हाइकाला वारा येईल अशी मोठी खिडकी हवी असते, जिच्यातून ऊन आणि धूळ येणार नाही. जावळीच्या गिऱ्हाइकाला पावसाळ्यात थेंबही आत येणार नाही अशी छोटी खिडकी हवी असते, जिच्या उजेडात कपडे वाळतील. दोघांनाही खिडकीतून डोंगर दिसायला हवा असतो. आटपाडीच्या गिऱ्हाइकाला मी डोंगर कुठून आणणार?

एवढं करून नकाशा परवानगीला जातो. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि थोडे अपवाद सोडले तर राज्यभर एकच बांधकाम नियमावली आहे आणि नकाशे संगणकच तपासतो. त्या संगणकाला दिंडी नको, गणेशपट्टी नको, उंदीर नको. त्याला खिडकीच्या जागी ठरलेल्या लेयरवर ठरलेल्या नावाचा एक चौकोन लागतो. मी माझं दार नेऊन दिलं तर त्यानं ते दार मानलंच नाही. ‘खोलीला प्रवेश नाही’ असा शेरा मारला. शेवटी सगळं कोरीवकाम एका आज्ञेसरशी फोडून टाकलं, चार रेषा ठेवल्या, त्यांना डी-१ नाव दिलं आणि नकाशा पास झाला. त्या रेषा काढायला मला दहावीनंतर काहीही शिकावं लागलं नसतं.

आता मापं. परवानगीचा नकाशा मीटरमध्ये असतो, मिस्त्री फुटात बोलतो, अ‍ॅल्युमिनियमवाला मिलिमीटरमध्ये मोजतो आणि बिल स्क्वेअर फुटात लावतो. भारतीय मानकात दाराला सुटसुटीत नाव आहे, ‘१० डीएस २१’. म्हणजे शंभर-शंभर मिलिमीटरचे दहा भाग रुंदी, एकवीस भाग उंची, एका पानाचं दार. हे मी सुतारमामांना समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कानामागची पेन्सिल काढली.

“म्हंजी सव्वातीन बाय सातला थोडे सूत कमी-जास्त, हेच न्हवं?”

इंचाचे आठ सूत. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा जरासं जास्त. माझं सॉफ्टवेअर मिलिमीटरचे हजार तुकडे करू शकतं, पण थोडे सूत कमी-जास्त म्हणजे किती, हे मामांच्या अंगठ्यालाच कळतं. मी मोठ्या हौसेनं मामांना पडद्यावर दार उघडून, मिटून, फिरवून दाखवलं. मामा म्हणाले, “झ्याक हाय. पण पिलास्टर झाल्यावर माप घिऊ.” मग त्यांनी पट्टीसुद्धा न वापरता एक काठी घेतली, चौकटीत आडवी धरली, पेन्सिलीनं खूण केली आणि खांद्यावर टाकून वखारीकडं निघून गेले. मूळबिंदू, प्रतल, रुंदी, अट, सगळं त्या काठीवर होतं. आणि काठीला लाल पाटी येत नाही.

वास्तुशांतीला जेवायला गेलो की, मी आधी दारं-खिडक्या बघतो. ही धंद्याची खोड. तात्यांचं कोरीव दार दिवसभर भिंतीला टेकून सताड उघडं असतं, कारण त्याच्यापुढचं सेफ्टी डोअर सदैव बंद असतं. गणेशपट्टीवर प्लॅस्टिकच्या झेंडूचं तोरण आहे, त्यामुळं सोंड कुणीकडं आहे ते कुणालाच दिसत नाही. पाच फुटांच्या हट्टातला सोफा शेवटी गच्चीवरून दोर लावून आत घेतला. विश्रामबागेत, ज्या खिडकीची रुंदी ठरवायला दोन भाऊ, त्यांच्या मंडळी आणि माझे सासरे एवढे लोक बसले होते, तिच्यापुढं आता तीन दारांचं कपाट आहे. उरलेल्या खिडक्यांच्या काचा एसीमुळं बंद, आणि जिथं एसी नाही तिथं समोरच्यांना आपल्या घरातलं दिसतं म्हणून पडदा. एकाही घरात मला बाहेर डोकावणारा माणूस दिसला नाही.

माणसाला खिडकी हवी असते ती उघडायला नव्हे, आपल्याकडं तशी आहे हे पाव्हण्यांना सांगायला. दाराचंही तसंच. तसं नसतं तर मेणवलीच्या फोटोत मेव्हणा दाराच्या मधे उभा राहिला नसता. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही, म्हणून ते अजून रुंदी आणि उंचीचे रकाने ठेवतात. खरा रकाना ‘कोण काय म्हणेल’ हा आहे, आणि त्यात जो आकडा घालावा तो दुसऱ्या दिवशी बदलतो.

तेव्हा सातारा-सांगलीकडं घर बांधायला निघालेल्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. माझ्याकडं किंवा कुणाकडंही जाल, तेव्हा घरातून चार गोष्टी ठरवून निघा : कपाट कुठल्या भिंतीला लागणार, दार कुठल्या बाजूला उघडणार, पाऊस आला की खिडकी लावायला उठणार कोण, आणि पाणी आलं तर म्हातारं माणूस कुठून बाहेर काढायचं. एवढं सांगितलंत की उरलेलं सगळं तुमच्या मनासारखं करून देतो; हवं तेव्हा बदला, हवं तितकं बदला. फक्त लिंटल सात फुटांवर येईल. त्यावर चर्चा होणार नाही.